एकाच ट्यूबवरचे दोन पन्नास

औषधांच्या दुकानातील सनस्क्रीनची ट्यूब हातात घेतली, तर तिच्यावर 'पन्नास' हा आकडा पुष्कळदा दोन ठिकाणी आढळतो. एक पन्नास खालच्या कडेला, बारीक अक्षरांत: निव्वळ वजन ५० ग्रॅम. दुसरा समोरच्या बाजूस, ठळक आणि मोठा: एसपीएफ ५०. पहिल्या पन्नासाची शहानिशा कोणताही व्यापारी दोन मिनिटांत करू शकतो. त्याच्याजवळ काटा आहे, वजने आहेत, वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का आहे, आणि मुदत संपली की ती पुन्हा तपासून घ्यावी लागतात हे पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसरा पन्नास मात्र ना ग्रॅम आहे, ना मिलिलिटर, ना मिनिटे. त्याला एककच नाही. तरीही ट्यूबची किंमत बहुधा याच दुसऱ्या आकड्यावर चढते-उतरते, आणि "तीसवाले नको, पन्नासवालेच द्या" असे सांगणारे गिऱ्हाईक त्याच आकड्याचे पैसे मोजत असते.

हा आकडा कोठून येतो, तो कोणाच्या त्वचेवर मोजला जातो आणि घरी आणल्यावर त्यातला किती पदरात पडतो, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.

दुसऱ्या पन्नासाची कथा युरोपातील बर्फाच्छादित पर्वतांत सुरू होते. १९३८ मध्ये फ्रान्त्स ग्रायटर नावाचा रसायनशास्त्राचा तरुण विद्यार्थी ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील पिझ बुइन शिखर चढताना उन्हाने भाजून निघाला. १९४६ मध्ये त्याने 'हिमनदीचे क्रीम' अशा अर्थाच्या नावाने एक मलम तयार करून विक्रीस आणले. परंतु असे मलम कितपत उपयोगी आहे हे सांगण्यासाठी तेव्हा सर्वमान्य माप नव्हते. जर्मनीतील रुडॉल्फ शुल्झे यांनी १९५६ मध्ये बाजारातील मलमांची तुलना करण्यासाठी एक साधा भागाकार वापरला. मलम लावलेली त्वचा लाल होण्यास जितके ऊन लागते, त्याला उघडी त्वचा लाल होण्यास लागणाऱ्या उन्हाने भागावयाचे. या भागाकाराला 'सन प्रोटेक्शन फॅक्टर' हे नाव ग्रायटर यांनी १९७४ मध्ये रूढ केले, आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही पद्धत आपल्या प्रस्तावित नियमांत घेतली. आज जगभर छापला जाणारा एसपीएफ तो हाच.

त्याची चाचणी अद्यापही प्रामुख्याने जिवंत माणसाच्या पाठीवर होते. आयएसओ २४४४४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान दहा निरोगी स्वयंसेवक लागतात. प्रत्येकाच्या पाठीवर चौकोन आखले जातात. दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात क्रीम काट्यावर तोलून घेतात, बोटाने एकसारखे पसरतात आणि पंधरा ते तीस मिनिटे वाळू देतात. मग झेनॉन दिव्याचा, सूर्यप्रकाशातील अतिनील भागाशी जुळवून घेतलेला प्रकाश छोट्या छोट्या ठिपक्यांवर चढत्या मात्रेने सोडला जातो. शेजारच्या उघड्या त्वचेवरही तेच. सोळा ते चोवीस तासांनी प्रशिक्षित निरीक्षक ती पाठ पाहतो आणि कोणत्या ठिपक्यावर सर्वांत आधी स्पष्ट लाली उमटली ते नोंदवितो. उघडी त्वचा एका मात्रेने लाल झाली आणि क्रीमखालची पन्नास मात्रांनी, तर त्या पाठीपुरता एसपीएफ पन्नास. अशा सर्व पाठींची सरासरी म्हणजे उत्पादनाचा एसपीएफ.

यात व्यापाऱ्याला विशेष जवळची वाटावी अशी एक अट आहे. प्रत्येक चाचणीत विकाऊ क्रीमबरोबर एक 'संदर्भ सनस्क्रीन'ही तपासावे लागते. त्याची कृती जगभर एकच आणि त्याचा एसपीएफ आधीच ठाऊक असतो. त्याचे उत्तर ठरलेल्या मर्यादेत आले नाही, तर सारी चाचणी बाद. शिक्क्याचे वजन पारड्यात टाकून आधी काटा पाहावा आणि मगच माल तोलावा, तसाच हा प्रकार आहे.

या आकड्याविषयी दोन गैरसमज घरोघरी आढळतात. पहिला वेळेचा. "एरवी दहा मिनिटांत त्वचा भाजते, तर एसपीएफ ३० लावून तीनशे मिनिटे निर्धास्त" हा हिशेब चुकीचा आहे, कारण भागाकार उन्हाच्या मात्रेचा आहे, घड्याळाचा नव्हे. वैशाखातील दुपारी साडेबाराची दहा मिनिटे आणि सकाळी आठची दहा मिनिटे यांत मोठे अंतर असते. शिवाय घाम, पाणी आणि रुमाल हे घड्याळाकडे पाहत नाहीत.

दुसरा गैरसमज टक्केवारीचा. एसपीएफ १५ लाली आणणारे सुमारे ९३ टक्के किरण अडवितो, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के. तेव्हा तीसच्या पुढे सारे सारखेच, असे वारंवार सांगितले जाते. अडविलेल्या मालाऐवजी आत आलेला माल मोजला की चित्र बदलते. तीसमधून शंभरातले सव्वातीन-साडेतीन भाग आत येतात, पन्नासमधून दोन. साठमधून तीसच्या निम्मेच येतात. त्वचेला जी इजा होते ती आत आलेल्या किरणांनी, म्हणून हिशेबही त्यांचाच धरला पाहिजे. आकड्याला अर्थ आहे. मात्र तो खरा असला पाहिजे.

आणि तो नेहमीच खरा असतो असे नाही. न्यूयॉर्क राज्यातील एका चाचणी प्रयोगशाळेचे प्रकरण काही वर्षांपूर्वी न्यायालयात गेले. सनस्क्रीन व इतर प्रसाधने माणसांवर तपासून देणे हा तिचा व्यवसाय. कंपन्यांकडून जितक्या माणसांवरील चाचणीचे पैसे घेतले, त्याहून कमी माणसांवर चाचणी करावयाची आणि अहवालात मात्र पूर्ण संख्या दाखवावयाची, असा क्रम तेथे १९८७ पासून २०१७ पर्यंत चालू होता. अमेरिकी सरकारी वकिलांनी या फसवणुकीचा आकडा ४ कोटी ६० लाख डॉलर सांगितला, आणि तेथील कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला. वजनात मारण्याचा हा प्रकार इतका दीर्घकाळ लपून राहिला, कारण ज्या मापाने हे वजन तपासावयाचे ते गिऱ्हाइकाजवळ नव्हतेच.

जून २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील 'चॉइस' या ग्राहक संघटनेने वीस लोकप्रिय सनस्क्रीन स्वतः तपासून घेतले. त्यांपैकी सोळा लेबलवरील आकड्याला उतरले नाहीत. बहुतेकांत तूट अशी होती की ५० च्या जागी तीस-चाळीस किंवा वीस-पंचवीस मिळावेत. पण 'पन्नासहून अधिक' असे छापलेल्या एका महागड्या सनस्क्रीनचा आकडा आला चार. कंपनीने प्रथम हे निकाल अमान्य केले. मग तिने स्वतःच अनेक चाचण्या करवून घेतल्या, तेव्हा त्याच उत्पादनाचे आकडे ४ पासून ६४ पर्यंत विखुरलेले निघाले, आणि ऑगस्टमध्ये ते बाजारातून परत घेण्यात आले. एकच माल एका काट्यावर चार किलो आणि दुसऱ्यावर चौसष्ट किलो भरावा, तर दोष मालाचा की काट्याचा? याही प्रकरणात दोन्हींकडे बोट दाखविले गेले. आपल्याकडे सनस्क्रीन कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडते. २०२५ मध्येच दोन मोठ्या कंपन्यांमधील एसपीएफच्या जाहिरातीचा वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता, तेव्हा हा प्रश्न परदेशापुरता आहे असे मानण्याचे कारण नाही.

काटा डगमगतो याचे कारण तो माणसाचा आहे. पाठ माणसाची, क्रीम पसरणारे बोट माणसाचे आणि लाली ओळखणारा डोळाही माणसाचा. शिवाय या मोजणीसाठी कोणाच्या तरी अंगाला, ठिपक्याएवढी का होईना, जाणूनबुजून भाजून घ्यावे लागते. ही गोष्ट संशोधकांनाही दीर्घकाळ बोचत होती. डिसेंबर २०२४ मध्ये दोन नवी आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध झाली, ती या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिल्या पद्धतीत (आयएसओ २३६७५) माणूस लागतच नाही. त्वचेचा खडबडीतपणा यावा म्हणून खरखरीत केलेल्या दोन प्रकारच्या पारदर्शक ॲक्रिलिक पट्ट्यांवर क्रीम पसरतात आणि पसरण्याचे काम यंत्राचा हात करतो, म्हणजे दाब आणि फेरे दर वेळी तेच राहतात. मग पट्टीतून किती किरण पार होतात ते यंत्र मोजते. दुसऱ्या पद्धतीत (आयएसओ २३६९८) माणसाची पाठ असते, पण तिला भाजत नाहीत. त्वचेवर सौम्य प्रकाश टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून थराची क्षमता काढतात, आणि जो भाग त्वचेवर अशा रीतीने मोजता येत नाही तो पट्टीवरील मोजणीने पूर्ण करतात. जुनी पद्धत यामुळे लगेच जाणार नाही. परंतु एका प्रयोगशाळेचे उत्तर दुसरीला ताडून पाहता येईल, आणि कंपनीला प्रत्येक घाण्याचा माल बाहेर पाठविण्यापूर्वी तपासणे सोपे होईल.

गव्हाळ पाठीचा प्रश्न

आता ज्या पाठीवर हा आकडा ठरतो तिच्याकडे वळावे. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये, त्वचा उन्हात किती भाजते व किती काळवंडते यावरून तिचे प्रकार पाडले. आरंभी ते गोऱ्या त्वचेपुरतेच होते. गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार मागाहून जोडले गेले. एसपीएफच्या चाचणीत यांपैकी उजळ प्रकारच घेतले जातात, आणि आता तर यंत्राने वर्ण मोजून मर्यादेपेक्षा गडद त्वचा वगळली जाते. यामागे दुजाभाव नाही. गडद त्वचेवर जेमतेम उमटलेली लाली दिसत नाही आणि दिव्याखाली फार वेळ बसवावे लागते, हे खरे कारण आहे. परिणाम मात्र असा की सांगली-सोलापूरच्या घरात येणाऱ्या ट्यूबवरचा आकडा बहुधा एखाद्या उजळ पाठीने ठरविलेला असतो, आणि तो मोजतो लाली.

आपल्याकडच्या त्वचेची मुख्य तक्रार मात्र लालीची नाही. मेलॅनिनमुळे तिला जन्मतः काही संरक्षण असते. उन्हामुळे होणारे त्वचेचे कर्करोगही भारतीयांत गोऱ्या लोकांच्या तुलनेत पुष्कळच कमी आढळतात. तिची तक्रार रंगाची असते. बाळंतपणानंतर गालांवर उठलेले आणि वर्षानुवर्षे न हटणारे वांग, मुरूम बरा झाल्यावर मागे राहिलेला काळा डाग, रापलेला कपाळाचा पट्टा, ही दुखणी जिवावरची नसतात, पण लग्नकार्यात फोटो काढताना चेहरा बाजूला वळविणाऱ्या स्त्रीला त्यांचे वजन ठाऊक असते. वांगावर औषध चालू आहे आणि ऊन अडविले जात नाही, तर औषधाचा गुण टिकत नाही. कोड असलेल्यांच्या पांढऱ्या डागांवर मेलॅनिन नसते. तेथे त्वचा गोऱ्या माणसापेक्षाही लवकर भाजते. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके आणि रक्तदाबावरील काही गोळ्या उन्हाची बाधा वाढवितात, हेही घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत लक्षात असावे.

रंगाच्या या तक्रारींत यूव्हीए किरणांचा मोठा हात असतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतात. त्वचा लाल करणाऱ्या यूव्हीबीपेक्षा ते खोल जातात आणि साध्या काचेतूनही पार होतात. दुकानाच्या काचेच्या दर्शनी भागामागे दुपारभर बसणारा मनुष्य उन्हात नसतो, पण यूव्हीएपासून मुक्तही नसतो. एसपीएफमध्ये या किरणांचा वाटा फारच थोडा धरला जातो. म्हणून त्यांच्यासाठी वेगळे माप आहे. जपानने १९९६ मध्ये 'पीए' ही खूण सुरू केली. येथे लाली मोजत नाहीत, यूव्हीए प्रकाशाने आलेला आणि काही तास टिकलेला काळसरपणा मोजतात. एक अधिकचिन्ह म्हणजे दोन ते चार पट संरक्षण, दोन म्हणजे चार ते आठ, तीन म्हणजे आठ ते सोळा, आणि २०१३ पासून चौथे चिन्ह म्हणजे सोळापट वा अधिक. युरोपात यूव्हीएचे संरक्षण छापील एसपीएफच्या किमान एकतृतीयांश असावे असा दंडक आहे. ते असल्यास 'यूव्हीए' ही अक्षरे वर्तुळात छापतात. गव्हाळ त्वचेच्या माणसाने ट्यूबवर एसपीएफच्या आधी ही खूण शोधली, तर ते अधिक शहाणपणाचे ठरेल.

त्यापुढेही एक पायरी आहे, आणि ती कोणताही छापील आकडा मोजत नाही. डेट्रॉइट येथील हेन्री फोर्ड रुग्णालयातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशसुद्धा गडद त्वचेवर काळसरपणा आणतो आणि तो बराच टिकतो. गोऱ्या त्वचेवर तसे घडले नाही. पांढरे किंवा पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश अडवीत नाही, कारण जे डोळ्यांना पारदर्शक आहे त्यातून दिसणारा प्रकाश जाणारच. तो अडवितात लोहाचे ऑक्साइड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा दिलेल्या सनस्क्रीनमधील रंगद्रव्ये. अंगणात रांगोळीखाली सारवण्याचा गेरू लाल असतो तो याच लोहाच्या ऑक्साइडमुळे. (म्हणून कोणी गेरू चेहऱ्याला फासू नये, प्रसाधनातील द्रव्य शुद्ध केलेले असते.) मेक्सिकोत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वांगाच्या रुग्णांना एकच औषध देऊन, निम्म्यांना साधे व निम्म्यांना असे छटेचे सनस्क्रीन दिले होते. आठ आठवड्यांनी छटावाल्यांचे वांग अधिक उतरले. वांगासाठी सनस्क्रीन घेणाऱ्याने चेहरा पांढराफटक दिसू नये एवढ्यासाठी नव्हे, या कारणासाठी छटा निवडावी.

थरातील भोके

सनस्क्रीन सुधारणे म्हणजे त्यात किरण शोषणारी द्रव्ये अधिक ओतणे, असा समज स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात अडचण बहुधा दुसरीकडे असते. त्वचा काचेसारखी सपाट नसते. तिच्यावर सऱ्या आणि वरंबे असतात; क्रीम सऱ्यांत साचते आणि वरंब्यांवर विरळ होते. समजा चेहऱ्याचा दहावा हिस्सा उघडाच राहिला. उरलेल्या नऊ हिश्श्यांवर जगातले सर्वोत्तम क्रीम लावले आणि तेथून एकही किरण आत आला नाही, तरी दहातला एक भाग आत आलाच. म्हणजे एकंदर एसपीएफ दहाच्या वर जाऊ शकत नाही. शंभरातले दोन भाग उघडे राहिले तरी कमाल मर्यादा पन्नास. चांगल्या निर्मात्याचे कसब म्हणूनच भोके न ठेवता पसरणारा थर साधण्यात असते. त्यासाठी पातळ पापुद्रा धरणारी द्रव्ये घालतात, तेल-पाण्याचे मिश्रण सुटू नये याची काळजी घेतात, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांच्या कणांचे पुंजके होऊ देत नाहीत. ही खनिजे किरण आरशासारखे परतवितात असे जाहिराती सांगतात. वस्तुतः अतिनील किरणांपुरते तीही बहुतांशी शोषणाचेच काम करतात. दुसरी सुधारणा टिकाऊपणाची. एव्होबेन्झोन हे यूव्हीएवरील जुने आणि प्रभावी द्रव्य उन्हातच विघटित होत जाते, आणि त्याला सावरून धरणारे जोडीदार द्रव्य नसेल तर सकाळचे संरक्षण दुपारपर्यंत राहत नाही.

खोबरेल तेलाची गोष्टही येथेच सांगावी लागते. खोबरेल तेलाचा एसपीएफ सात-आठ आहे, अमुक बियांच्या तेलाचा चाळीस आहे, अशी माहिती घराघरांत फिरत असते. खोबरेलाचा तो आकडा कोणी मनाने रचलेला नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तो आला आहे. परंतु तेथे तेल मद्यार्कात विरघळवून काचेच्या चौकोनी नळीत घेतले होते, आणि त्यातून किती किरण शोषले गेले यावर एका सूत्राने एसपीएफ काढला होता. काचेच्या नळीत सऱ्या नसतात, वरंबे नसतात, घाम नसतो, आणि तेल निथळून हनुवटीकडे येत नाही. खोबरेल त्वचेला मऊ ठेवते, एवढे काम ते उत्तम करते. त्याच्या भरवशावर भर दुपारी मुलांना पोहायला सोडणे हा धोका आहे.

आणि सर्वांत मोठे भोक पडते ते हाताच्या कंजूषीमुळे. चाचणीतील थर दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम असतो हे वर आलेच आहे. लोक प्रत्यक्षात किती लावतात याची मोजमापे अनेक देशांत झाली असून, ती बहुधा अर्धा ते एक मिलिग्रॅम भरतात. निम्म्या थराला निम्मे तरी संरक्षण मिळेल, असे वाटते. केवळ गणिताने पाहिले तर निम्म्या थराचे उत्तर पन्नासच्या वर्गमुळाएवढे, म्हणजे सुमारे सात येते. प्रत्यक्ष त्वचेवर घट सहसा इतकी तीव्र नसते, पण निम्म्यावर किंवा त्याखाली येते हे खरे. पावभर थराचे तर बोलायलाच नको.

येथे पहिला पन्नास उपयोगी पडतो. चेहरा, कान आणि गळा मिळून सुमारे सहाशे चौरस सेंटीमीटर धरले, तर एका वेळेस लागणारे क्रीम सव्वा ग्रॅमच्या आसपास. सराफाच्या काट्यावर तोलून पाहिले, तर एवढे क्रीम पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटेल. काटा जवळ नसेल तर तर्जनी आणि मधले बोट यांच्या मुळापासून टोकापर्यंत क्रीमच्या दोन रेघा ओढाव्यात, असे इंग्लंडमधील तज्ज्ञांनी सुचविलेले सोपे माप आहे. पन्नास ग्रॅमची ट्यूब या हिशेबाने चाळीस-एक वेळा पुरते. सकाळी एकदा आणि दुपारी बाहेर पडण्यापूर्वी एकदा लावले, तर एका माणसाला सुमारे तीन आठवडे. ती ट्यूब चौघांच्या घरात सहा महिने चालत असेल, तर त्या घरात एसपीएफ पन्नास कोणीही वापरलेला नाही.

खर्चाचा प्रश्न येथे उभा राहतो, आणि तो बाजूला सारता येण्यासारखा नाही. महागडी ट्यूब जपून जपून मिरीएवढी लावण्यापेक्षा, यूव्हीएची खूण असलेले विश्वासू कंपनीचे साधे क्रीम पुरेसे लावणे हे सरळ हिशेबाने फायद्याचे आहे. याला ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतातल्या नॅम्बॉर गावाचा दाखला आहे. १९९२ मध्ये तेथे १,६२१ रहिवाशांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाला डोके, मान, हात यांवर रोज सकाळी सनस्क्रीन लावण्यास सांगितले आणि ते फुकट पुरविले. दुसऱ्या गटाने आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे वागावे. लोक खरोखर लावतात की नाही हे पाहण्यासाठी परत आलेल्या बाटल्या चक्क तोलल्या जात. साडेचार वर्षांनी पहिल्या गटात त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळल्या. पंचावन्नखालील ९०३ जणांच्या हाताच्या पाठीचे सिलिकॉनचे ठसे घेऊन सुरकुत्या तपासल्या, तेव्हा रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य २४ टक्के कमी निघाले. ही माणसे गोरी होती, त्यामुळे कर्करोगाचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण त्या गावाला दिलेल्या सनस्क्रीनचा एसपीएफ होता केवळ सोळा.

सावली, छत्री, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि काठाची टोपी यांना ना भोके पडतात ना ती दर दोन तासांनी पुन्हा लावावी लागतात. म्हणून जेवढे झाकता येईल तेवढे झाकावे आणि क्रीम उरलेल्या जागेसाठी ठेवावे. मग तीन आठवड्यांची ट्यूब पाच-सहा आठवडेही प्रामाणिकपणे चालू शकते. ट्यूब उघडली त्या दिवशी तिच्या पाठीवर बॉलपेनने तारीख लिहून ठेवली, तर वापराचा हिशेब आपोआप राहतो. लावताना सर्वांत जास्त सुटतात त्या जागाही ठरलेल्या आहेत: कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पापण्यांभोवतीची त्वचा, टक्कल, आणि स्कूटरचे हँडल धरल्यावर सूर्याकडे उघडी होणारी हातांची पाठ.